अठ्ठेचाळिसावं घर

माणसाने आयुष्यात काहीही मोजावं, पण आपण नेमक्या किती घरांचे सेक्रेटरी आहोत हे मोजायला जाऊ नये. या गोष्टीतले सेक्रेटरी मोजायला गेले. बारा वर्षं त्यांनी कॉलनीचा कारभार न मोजता सुखाने केला होता आणि पुढची बाराही तशीच गेली असती. पण पाणीखात्याचं पत्र आलं.

आधी पाण्याचं सांगतो. कॉलनीतल्या नळांना पाणी येई ते लहान मुलाला जबरदस्तीने चूळ भरायला लावावी तसं, थुंकत थुंकत. तळमजल्यावर बादली भरायला लावून माणूस दाढी करून यायचा तरी बादली अर्धीच. आता मोठ्या दाबाची नवी लाइन येणार होती आणि प्रत्येक घराला तिचा वेगळा जोड मिळणार होता. पत्रात म्हटलं होतं की आपल्या कॉलनीतील घरांची संख्या आमच्या नोंदींशी जुळत नाही, तरी एकवीस दिवसांत एकच जुळलेली, बिनहरकत यादी सादर करावी, अन्यथा आपली कॉलनी पुढील टप्प्यात घेण्यात येईल. पुढील टप्पा म्हणजे काय ते कळायला डिक्शनरी पुरत नाही, आयुष्य लागतं. पलीकडची कॉलनी पुढील टप्प्यात गेली तेव्हा तिथल्या मुली शाळेत जात होत्या. आता त्यांच्या मुली जातात. लाइन अजून टप्प्यातच आहे.

ज्या खात्याला स्वतःचे पाइप कुठून कुठे गेलेत ते खणल्याशिवाय सांगता येत नाही, त्याने लोकांना याद्या जुळवायला सांगाव्यात, याला काय म्हणायचं? पण ते म्हणण्यात सेक्रेटरींनी वेळ घालवला नाही. ते विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात एकतीस वर्षं काढून निवृत्त झाले होते. यादी हा शब्द ऐकला की त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढे. त्यांनी सभा बोलावली.

सभेत ओव्हरसियर होते. हे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ सेक्रेटरींच्या बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहत आणि प्रत्येक सभेत तिथेच बसत. सेक्रेटरीच्या खुर्चीवर त्यांचा बारा वर्षं डोळा आहे असं सगळी कॉलनी म्हणे. खुर्ची म्हणजे खरोखरची खुर्ची होती, प्लास्टिकची, एक हात तुटलेली.

"साहेब, तुम्हाला सभेला आलेली डोकी मोजता येत नाहीत," ओव्हरसियर म्हणाले. "मागच्या सभेला अकरा माणसं होती, तुम्ही चौदा लिहिलीत. घरं काय मोजणार?"

मागच्या सभेला अकराच माणसं होती. खरं बोलणाऱ्यासारखा दुष्ट माणूस नाही. सेक्रेटरींचे कान तापले आणि रागाच्या भरात शहाणा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, शब्द दिला.

"एकाही घराचा नळ कोरडा राहिला, तर ही खुर्ची तुमची."

ओव्हरसियर गप्प झाले. ते खूश झाले असावेत असं सेक्रेटरींना वाटलं. वाक्य तसं इतिवृत्तात लिहून त्यावर सह्याही झाल्या.

आता घरं मोजणं म्हणजे काय मोठं? सहा इमारती, तळमजला धरून चार मजले, मजल्यावर दोन घरं, एक डावं, एक उजवं. सहा आठे अठ्ठेचाळीस. त्यातून तीन नंबरच्या इमारतीत तळमजल्यावर सेक्रेटरींच्या समोर घर नाही, पंपघर आहे. राहिली सत्तेचाळीस. दुसरीतलं पोर सांगेल. पण खात्याला दुसरीतलं पोर नको होतं, यादी हवी होती; आणि कॉलनीत याद्या होत्या चार.

पहिली सेक्रेटरींची स्वतःची. ती कॉम्प्युटरवर होती, मालकांच्या नावाने आणि अक्षरवारीने, कारण एकतीस वर्षं त्यांनी जग अक्षरवारीनेच पाहिलं होतं. त्यात घरं बावन्न. जिथे नवरा-बायको दोघं मालक, तिथे घरही दोन झालं होतं. दुसरी वॉचमनची वही. तिच्यात घरं चव्वेचाळीस आणि नाव एकही नाही. वॉचमन माणसं खुणेने लिही: "टोपीवाले", "गाडी आडवी लावतात". ज्या घराला कुलूप असे त्याला तोंड नसे, म्हणून ते वहीत नसे. तिसरी यादी सेक्रेटरींच्या बायकोच्या फोनमध्ये होती, बायकांच्या ग्रुपची. तिच्यात एकोणचाळीस घरं, सगळी मुलांवरून: जुळ्यांची आई, खिडकी फोडणाऱ्याची आई. मुलं नसतील तर कुत्र्यावरून भागवलेलं होतं. काळ्या कुत्र्याची आई ही एका बँकेची मॅनेजर होती. चौथी यादी पाणीखात्याची, मीटरच्या नंबरांची. तिच्यात अठ्ठेचाळीस.

चारही याद्या आपापल्या जागी बरोबर होत्या. वॉचमनने कधी चुकीचा माणूस आत सोडला नव्हता, बायकोने कधी चुकीच्या आईला फोन केला नव्हता. भांडण त्यांना शेजारी शेजारी ठेवल्यावर सुरू झालं. माणसांचंही तसंच असतं, पण तो विषय वेगळा.

सल्ले लगेच आले. कोणी म्हणालं सगळ्यांना एकाच वेळी गच्चीत उभं करा आणि मोजा. कोणी म्हणालं दारोदार फॉर्म वाटा. सेक्रेटरींनी फॉर्म वाटले. दहा दिवसांत सहा परत आले. त्यातल्या एकावर वाणसामान लिहिलेलं होतं आणि एकावर, मालकाचे नाव या रकान्यात, "तुम्हाला माहीत आहे" एवढंच. फॉर्म न भरणारी ही जी जात आहे तिला नळाला पाणी, जिन्यात दिवा, सगळं दारात हवं असतं. फक्त चार ओळी लिहायच्या म्हटलं की तिचा हात मोडतो.

शेवटी सेक्रेटरींनी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा एका मोठ्या कंपनीत डेटाबेसचं काम करी. तो लॅपटॉप घेऊन आला, चारही याद्या आत घातल्या आणि दोन मिनिटांत म्हणाला, "झाल्या जोडून, भावोजी."

"किती घरं?"

"एकशे त्र्याऐंशी."

त्याने चारही याद्या एकीखाली एक चिकटवल्या होत्या. "तुम्ही जोडा म्हणालात," तो म्हणाला, "जुळवा म्हणाला नाहीत." मग त्याने शांतपणे समजावलं की जुळवायच्या तर चारही याद्यांत एक तरी गोष्ट सारखी पाहिजे, आणि ती प्रत्येक घराची वेगळी पाहिजे. तिला धरून चौघींना एका दोरीत ओवायचं. नाव चालणार नाही, कारण वॉचमनकडे नाव नाही. मूल चालणार नाही, कारण मीटरला मूल नाही.

"आणि कुत्रा?" सेक्रेटरींनी हताशपणे विचारलं.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, इमारत, मजला, डावं की उजवं. एवढं तर सगळ्यांना माहीत असतं ना?"

दोन सुशिक्षित पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. मग सेक्रेटरी म्हणाले की तेच ते म्हणणार होते.

पुढचे दोन दिवस आनंदाचे. सेक्रेटरी, त्यांची बायको आणि वॉचमन एकत्र बसले. सेक्रेटरींनी नाव वाचायचं, बायकोने मूल सांगायचं, वॉचमनने खूण सांगायची आणि मेहुण्याने इमारत, मजला, बाजू टाकायची. एका ठिकाणी मात्र गाडी अडली. वहीत एक नोंद होती: "चष्मा कपाळावर ठेवून चष्मा विचारतात". हे कोण, असं सेक्रेटरींनी दोनदा विचारलं. वॉचमनने पंख्याकडे पाहिलं, बायकोने फोनकडे, मेहुणा खोकला. सेक्रेटरींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, नोंद पुन्हा नीट वाचली आणि घाईघाईने पुढचं नाव वाचायला घेतलं.

यादी तयार झाली. मेहुण्याने विचारलं की सगळे कॉलम ठेवायचे का. रेकॉर्ड विभागातला जुना नोकर गरजला की माहितीचा एक कणही गळता कामा नये. तेव्हा हरकती मागवण्यासाठी जी यादी सूचनाफलकावर लागली, तिच्यात घर, मालक, मूल, मीटर आणि पाचव्या कॉलमात वॉचमनची खूण, असं सगळं होतं.

तासाभरात फलकापुढे गर्दी झाली. एका मालकाने वाचलं की तो "सकाळी जिन्यात घसा साफ करतो". बँकेच्या मॅनेजरबाईंनी वाचलं की त्या "कुत्र्याशी जास्त बोलतात, माणसाशी कमी". ओव्हरसियरच्या नावापुढे होतं, "फाटक कधी स्वतः उघडलं नाही". वॉचमन त्या दिवशी पाण्याच्या टाकीमागे बसून राहिला. आणि दहा दिवसांत ज्यांनी चार ओळींचा फॉर्म भरला नव्हता, ते सगळेच्या सगळे संध्याकाळी सेक्रेटरींच्या दारात रांगेत उभे राहिले. प्रत्येकाला आपली खूण बदलून हवी होती. सेक्रेटरी म्हणत, बदलतो, आधी मालकाचं नाव, मजला, बाजू नीट सांगा, इथे सही करा. दोन तासांत सगळ्या सह्या. जगात लोकांकडून माहिती काढायची असेल तर फॉर्म छापू नका, त्यांच्याबद्दल काहीतरी लिहून भिंतीवर लावा.

ओव्हरसियर सर्वांत शेवटी आले. "फाटक कधी उघडलं नाही म्हणजे? मी दोनदा उघडलंय."

"पुरावा?" सेक्रेटरी म्हणाले. बारा वर्षांत इतकं गोड वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

सतराव्या दिवशी ते पाणीखात्यात चार नंबरच्या खिडकीपुढे उभे राहिले. खिडकीतल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं की नावं काढा, मुलं काढा, खुणा तर आधी काढा. "आम्हाला माणसं नकोत. माणसं घर बदलतात, मीटर बदलत नाही." सेक्रेटरींच्या घराचं त्यामुळे झालं तीन, शून्य, डावा. ते ज्या घरात राहिले, ज्यात मुलगी वाढवली, ते असं तीन शब्दांत मावलेलं बघून त्यांना जरा कसंतरी झालं. पण सुटसुटीत दिसत होतं हेही खरं.

खात्याचा मीटरवाला तपासणीला आला आणि संध्याकाळी यादी शेरा मारून परत आली: "सर्व नोंदी चुकीच्या." काही नव्हे, सर्व. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत डाव्या घराला उजव्याचं मीटर होतं आणि उजव्याला डाव्याचं. सेक्रेटरींची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मीटरवाल्याला गाठलं आणि त्याच्या मागून एक इमारत फिरले. मीटरवाला आला तो सरळ गच्चीवर गेला. टाकी बघितली. मग उतरत उतरत, जिन्याकडे पाठ आणि फाटकाकडे तोंड करून, एकेक मीटर लिहू लागला. तेवीस वर्षं तो असाच लिहीत होता. चढणाऱ्याचा डावा हात आणि उतरणाऱ्याचा डावा हात एकाच बाजूला नसतात, हे दोन्ही बाजूंच्या कोणालाही तेवीस वर्षांत सुचलं नव्हतं.

"चढताना का नाही लिहीत?" सेक्रेटरींनी विचारलं.

"चढताना दम लागतो," मीटरवाला म्हणाला. यावर कुठल्या डेटाबेसकडे उत्तर आहे?

सेक्रेटरी धावत घरी आले, मेहुण्याला फोन केला आणि यादीतली खात्याची बाजू पार उलटी करून घेतली. डावा तिथे उजवा, उजवा तिथे डावा. सगळं झटक्यात जुळलं. ओव्हरसियर जिन्यात भेटले आणि म्हणाले की ही गोष्ट आपल्याला पहिल्यापासून माहीत होती. सेक्रेटरींनी त्यांना माफ केलं. जिंकणाऱ्याला परवडतं.

एकविसाव्या दिवशी ते पुन्हा खिडकीपुढे हजर झाले. खिडकी बंद व्हायला अर्धा तास होता. बाईंनी मोजलं.

"अठ्ठेचाळीस आहेत. सत्तेचाळीस पाहिजेत. एक पंपघर आहे ना? त्याला मीटर आहे, पण ते घर नाही. काढा."

त्यांनी कपाटातून खात्याचा जुना कागद काढला. त्यावर लिहिलं होतं: इमारत तीन, तळमजला, डावा, पंपघर, वगळावे.

"आम्हाला खोडता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या हाताने खोडा आणि सही करा."

सेक्रेटरींनी खिशातून पट्टी काढली. होय, त्यांच्या खिशात पट्टी असे. तीन, शून्य, डावा. लाल शाईने एक सरळ, सुंदर, रेकॉर्ड विभागाला शोभेल अशी रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली आणि शाई वाळावी म्हणून वर फुंकरही मारली. खात्याचा कागद मीटरवाल्याने उतरताना लिहिलेला होता आणि आपली यादी आता चढणाऱ्याची आहे, हे त्या अर्ध्या तासात कोणाच्या लक्षात येणार? बाईंनी शिक्का मारला. तो आवाज सेक्रेटरी घरापर्यंत कानात जपत आले.

जोड देणारी माणसं महिन्याभरात आली. त्यांच्या हातात यादी होती आणि यादीपलीकडे बघण्याचा त्यांना पगार नव्हता. दोन दिवसांत सत्तेचाळीस जोड झाले आणि जुनी लाइन बंद झाली. सेक्रेटरी सहाही इमारतींतून फिरत, लोकांच्या स्वयंपाकघरात डोकावत, धो धो आवाज ऐकत, पाठीवर थापा घेत दुपारी घरी पोचले. बायको स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभी होती. नळ सोडलेला होता. त्यातून एक लांब उसासा येत होता.

समोर पंपघरात मात्र नवाकोरा नळ चकाकत होता आणि त्याच्याखाली वॉचमन गणवेश धूत होता. पाण्याला असा दाब होता की शर्ट हातातून निसटत होता.

बायकोला सगळं कळायला एक मिनिट लागलं. "एकतीस वर्षं लोकांच्या फायली सांभाळल्यात," ती म्हणाली, "आणि स्वतःचं घर हरवलंत? तेसुद्धा पट्टीने?"

सेक्रेटरी खिडकी नंबर चारला गेले. बाईंनी नोंद पाहिली आणि शांतपणे सांगितलं की सत्तेचाळीस मागितली, सत्तेचाळीस दिली, जुळतंय. तीन शून्य डावा या नंबरचं घर नाही. नसलेल्या घराची तक्रार घेता येत नाही. घर आहे असा दाखला आणा, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सहीचा.

"मीच सेक्रेटरी आहे."

"मग तुम्हाला स्वतःचा दाखला स्वतः देता येणार नाही. आणि घर नाही अशी सही तुमचीच आहे इथे." त्यांनी लाल रेघ दाखवली. रेघ खरंच सुरेख होती.

परत येताना सेक्रेटरींनी मनाशी सगळं ठरवलं. शब्द म्हणजे शब्द. एका घराचा नळ कोरडा राहिला होता. ते स्वतःचं घर आहे म्हणून शब्द पातळ होत नाही. त्यांनी राजीनामा लिहिला, चारही याद्या, फाटकाच्या किल्ल्या, सोळा फायली आणि पाणीखात्याचा पत्रव्यवहार एका पेटीत भरला, पेटीवर ती एक हात तुटलेली खुर्ची उलटी ठेवली आणि सगळं डोक्यावर घेऊन ते पहिल्या मजल्यावर चढले. मान ताठ होती. डोक्यावर पेटी असली की ती ठेवावीच लागते.

ओव्हरसियरनी दार उघडलं. पेटीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, राजीनामा वाचला. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे काय आणलंत?"

"खुर्ची. तुमची झाली. इतिवृत्तात आहे."

"अहो, पण मी ती मागितली कधी?"

"बारा वर्षं."

"बारा वर्षं मी तुम्हाला टोचतोय," ओव्हरसियर कळवळून म्हणाले. "टोचायला बरं वाटतं म्हणून टोचतोय. मी त्या खिडकीपुढे जाऊन उभा राहू? फॉर्म वाटू? माझ्याबद्दल वहीत काय काय लिहितील लोक?" त्यांनी दार थोडं ओढून घेतलं आणि घरात आवाज जाणार नाही अशा बेताने विचारलं, "ठरलं काय होतं नेमकं?"

"एकाही घराचा नळ कोरडा राहिला तर."

"नळ कोरडा राहिला तर," ओव्हरसियर म्हणाले. "जोड नाही मिळाला तर, असं नाही."

ते आत गेले आणि अवजारांची पिशवी घेऊन बाहेर आले. बांधकाम खात्यात असताना ज्या माणसाने, लोक म्हणतात, कधी पान्याला हात लावला नव्हता, त्याने त्या दिवशी बाही वर करून पंपघराच्या नळाला पाइप लावला, तो दाराच्या चौकटीवरून खिळ्यांनी ठोकत आणला, जिन्याच्या छताखालून ओलांडून सेक्रेटरींच्या खिडकीतून आत घेतला आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या मागे जोडला. वॉचमनने शिडी धरली. सेक्रेटरींच्या बायकोने दिवा धरला. सेक्रेटरींनी, करण्यासारखं दुसरं काही नसल्याने, चष्मा शोधला.

ओव्हरसियरनी नळ सोडला. पाणी असं आदळलं की ओट्यावरचं पातेलं खाली गेलं.

"नळ कोरडा आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग खुर्ची कोणाची?"

सेक्रेटरींनी राजीनामा घडी करून खिशात घातला. ओव्हरसियरनी पेटी आणि खुर्ची स्वतःच्या हाताने खाली आणून सेक्रेटरींच्या दारात ठेवल्या आणि वर जाताना जिन्यातून म्हणाले, "आणि मागच्या सभेला अकराच माणसं होती."

दाखल्याचं प्रकरण अजून चालू आहे. ते पुढील टप्प्यात आहे. मात्र दुसऱ्या महिन्यात मीटरवाला आला, गच्चीवर गेला, उतरत उतरत तळाशी पोचला आणि पंपघराचं मीटर गरगर फिरताना पाहून त्याने खात्याच्या यादीत लिहिलं, पंपघर, वापर घरगुती. त्याच आठवड्यात बायकांच्या ग्रुपवर सेक्रेटरींच्या बायकोचं नाव कोणीतरी बदललं. वॉचमनच्या वहीतली चष्म्याची खूण खोडली गेली होती आणि तिथे नवा शब्द आला होता.

सेक्रेटरींनी तिन्ही याद्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ पाहिल्या. मग कॉम्प्युटर चालू करून आपली यादी उघडली, अक्षरवारीने "प" वर गेले आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, "पंपघरवाले". अख्ख्या कॉलनीत चारही याद्यांमध्ये तंतोतंत जुळणारं ते एकमेव घर होतं.